किनार

होटगी रोडला, टायरच्या दुकानावर
हिरव्या रंगात नवी पाटी: आयरिश पब.
खाली बारीक अक्षरांत, फॅमिली सेक्शन वेगळा.

भिंतीवर समुद्र. पेंटरनं लाटांवर
शेंगेच्या टरफलावर असतात
तशा रेघा ओढल्यात.
एसी बंद. बाहेर त्रेचाळीस.

नरसय्या गड्डम स्वतःच ताट आणतो:
बटाटा-मटणाचा फिका रस्सा, तिकडचा,
आणि मी मागितली नसताना
कडक भाकरी, शेंगाचटणी.
सात सीझन कलंगुटला होता, असल्याच पबात.

"समुद्र कसा असतो हो, रोज बघितला की?"
"काय की. किचन मागच्या अंगाला.
खिडकीसमोर दोरी,
दोरीवर गोऱ्यांचे ओले टॉवेल.
एकदा वाऱ्यानं पडला एक, उचलला,
तर किनार ओळखीची.
दोन हिरवे, एक पांढरा,
मग एक धागा सुटलेला.
आमच्या बापाच्या मागावर
सुटायचा तिथंच."

मग?
"मग काय. वास घेतला.
खारट होता. परत टाकला दोरीवर."

तो माझी भाकरी मोडून देतो.
कडाडकन आवाज,
शेजारच्या टेबलावरचं पोरगं वळून बघतं.
रश्श्यात ती लगेच भिजत नाही.
थांबावं लागतं.
तोही थांबतो, खांद्यावर टॉवेल.