सावकाश

ड्रायव्हर नाताळाच्या आधी गोव्याला गेला तो गेलाच.
उरली पांढरी ओम्नी, केए तेवीस,
मागं कांदालसूण मसाल्याची सहा पोती,
आणि एकेचाळिसाव्या वर्षी
पहिल्यांदा स्टिअरिंगमागं बसलेली मी.

ईरप्पा हिटणी, मुक्काम संकेश्वर,
ट्रकवरनं रिटायर,
निपाणीत बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीच्या आवारात
मला शिकवायला यायचा.
फी विचारली तर हात हलवायचा, बघू.
मराठी त्याला कळते, रागावला की कळत नाही.
"बिड्री," म्हणाला, "क्लच बिड्री."
सोडा म्हणत होता.
मला बिडी ऐकू आली, निपाणीत दुसरं काय ऐकू येणार,
आणि नवल वाटून पाय उचलला, एकदम.

गाडीनं उडी मारली. मेली.
पोत्यांतनं मिरची उठली.
दोघं शिंकलो, एकापाठोपाठ,
पत्र्यावरची कबुतरं उडेपर्यंत.

आठ दिवस हेच.
आवारातली पोरं माझ्या झटक्यांवर
गोट्यांची पैज लावायला लागली.

संध्याकाळी आई विचारायची, किती वेळा बंद पडली?
अकरा.
काल?
सतरा.
मग बरं आहे की.

तीस वर्षं रोज हजार बिड्या.
आता सूप माळ्यावर आहे,
पण तिची बोटं पदराचं टोक वळत बसतात.
म्हणाली, घट्ट वळली तर ओढ लागत न्हाई,
सैल वळली तर विझती.
मधी एक जागा असती. दिसत न्हाई. बोटाला कळती.
मी म्हटलं, मला पायानं शोधायचीय.
म्हणाली, पायाला काय बोटं नसतात?

दुसऱ्या दिवशी चप्पल काढून ठेवली.
पेडलचं रबर झिजलेलं, लोखंड गार.
पाय वर येऊ दिला, इतका थोडा
की आला का नाही, माझं मलाच कळू नये.
ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं,
तिथं आवाज जाड झाला,
कुणी घसा खाकरावा तसा.
गाडी थरथरली. निघाली नाही. बंदही पडली नाही.
"हां," ईरप्पा म्हणाला, "इल्ली. हितंच."
पोरांनी गोट्या खिशात घातल्या.

रविवारी, तवंदीचा घाट.
पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, चढावरच थांबलेल्या,
मागं लाल बस, इतकी जवळ
की आरशात फक्त तिच्या काचेमागं लोंबणारं लिंबू.
हँडब्रेकची वायर कधीची तुटलेली.
ट्रॉलीतनं एक ऊस सरकत सरकत बाहेर आला
आणि आमच्याकडं बोट करून राहिला.

"सावकाश," ईरप्पा म्हणाला.
कानडीत म्हणाला की मराठीत,
ते मला अजून सांगता येत नाही.
शब्द दोन्हीकडं तोच आहे.

उजवा पाय ब्रेकवर. डावा येऊ दिला.
सीटखाली घसा खाकरला.
उजवा उचलला.
गाडी मागं गेली नाही.
एक श्वासभर कुणीच कुठं गेलं नाही,
बसनं हॉर्न दिला तरी नाही.
मग ऊस हलला, मी हलले,
मागं सहाही पोती गप्प.

गडहिंग्लजच्या बाजारात, आमच्या ठरलेल्या जागी,
शेजारच्या भांडेवाल्या मावशी बघत असताना
मी आनंदानं दोन्ही पाय उचलले.

भांडेवाल्या मावशी शिंकल्या. हमाल शिंकले.
एक पोलीस शिट्टी तोंडात ठेवूनच शिंकला.
ईरप्पा डोळे पुसत खाली उतरला
आणि पहिल्यांदा फी सांगितली:
"एक किलो मसाला. पण खार कमी."

मीठ नव्हे, तिखट.
एवढी कानडी मला येते.