समासातला मजकूर

जुबैलमध्ये, कॅम्पच्या न्हाव्याकडे,
आरशाखालच्या फळीवर एकोणीस जाड इंग्रजी कादंबऱ्या आहेत.
सुट्टीवर गेलेले आणि परत न आलेले ठेवून गेले.
साबणाचं पाणी उडून काहींची पानं फुगलीत.
नईमभाई म्हणतो, ने, पण आणून ठेव,
नाहीतर कल्ले वरखाली कापीन.

मी सगळ्या वाचल्यात. सहा दोनदा.
माझं मत कुणी विचारलेलं नाही,
म्हणून सांगतो.

सुरुवातीला नकाशा असला की मी आधी नद्या बघतो.
एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळणारी नदी दिसली
की पुस्तक माझ्या मनातून उतरलं.
राक्षस खुशाल उडवा. पाणी नीट वाहू द्या.
मी समुद्राचं मीठ काढायच्या प्लँटवर आहे,
पाण्याबाबत मला थट्टा चालत नाही.

ड्रॅगन मला चालतात.
पण चाळीस हजारांचं सैन्य सहा दिवस बर्फ तुडवतं
आणि पीठ कोण मळतंय ते कळतच नाही,
एकाच्याही टाचेला फोड नाही,
तिथं मी पान मुडपतो.
आमच्या मेसला सहाशे माणसं.
डाळ पातळ झाली की बंड कुठल्या टेबलावरून सुरू होतं
ते मला विचारा.

आणि तो खांद्यावर खूण असलेला अनाथ पोरगा!
तोच राजा होणार, हे म्हातारीपासून घुबडापर्यंत सगळ्यांना ठाऊक.
आमची खूण इकाम्यावर असते, दहा आकडी.
तिनं राजा होता येत नाही,
सिमकार्ड मिळतं.

वाळूच्या ग्रहांबद्दल मी बोलणार नाही.
लिहिणाऱ्यानं एसीची जाळी जन्मात धुतलेली नाही.

यानातली माणसं तीनशे वर्षं झोपतात
आणि उठल्या उठल्या लढायला लागतात.
मी दोन महिन्यांची सुट्टी काढून येतो
तर आठवडाभर दिव्याचं बटण चुकीच्या भिंतीवर शोधतो.

एकच पुस्तक खरं वाटलं. कव्हर नाही त्याला,
त्यामुळे नावही नाही.
त्यात घरचा निरोप पोचायला अकरा वर्षं लागतात.
मुलीनं विचारलेलं असतं, अपूर्णांकांचा भागाकार कसा करायचा.
बाप रात्रपाळी संपवून बसतो
आणि पायरी पायरीनं समजावतो,
चुकशील तर इथं चुकशील, असं सांगून.
बस. ना स्फोट, ना काही.
मी ते पान वाचून खाली पाणी प्यायला गेलो,
तर तहान नव्हतीच.

पण त्यातच, पान दोनशे बारावर,
तो यानातला बंद पडलेला पंप थेट चालू करतो.
मला राहवलं नाही. पेन्सिलनं समासात लिहिलं:
‘असा चालू होत नाही. आधी आतली हवा काढावी लागते.’
मराठीतच लिहिलं. रागात दुसरी भाषा सुचत नाही.

पुढं ते रोडेल घेऊन गेला, यानबूच्या साइटवर.
चौदा महिन्यांनी फळीवर परत दिसलं,
आणखी फुगलेलं, कुणीतरी पाठीला इन्सुलेशन टेप लावलेली.
मी दोनशे बारा काढलं.
माझ्या ओळीखाली निळ्या शाईत,
शिरोरेषा न ओढलेलं घाईचं अक्षर:
‘होतो. जुना असेल आणि लाथ घातली तर.’

मी इतका हसलो की नईमभाईनं वस्तरा उचलून धरला.
कोण होता? मी विचारलं.
नईमभाईला नावं आठवत नाहीत, डोकी आठवतात.
दोन भोवरे होते एकाला, म्हणाला,
तुमच्याच बोलीत पुटपुटायचा, मध्येच मान हलवायचा.
गेला.
कुठे?
खांदे उडवून तो पुन्हा फेस करायला लागला.

अर्धी दाढी तशीच ठेवून मी त्याच्याकडचं पेन मागितलं.
लिहिलं: ‘कुठल्या कंपनीचा पंप?’
आणि पुस्तक फळीवर ठेवलं,
टेपची बाजू बाहेर.