करकोचाची बाजू

गावाचं नाव लीक.
फोनवर बहीण अजून विचारते,
"नळ झाला का दुरुस्त?"

इथे एके काळी रेशीम रंगवायचे,
ओढ्याला रोज वेगळा रंग यायचा म्हणतात.
आता उरलाय शनिवारचा जुना बाजार,
ओला दगडी चौक, ताडपत्रीखाली बेरिल,
बोटं कापलेले हातमोजे घालून,
आणि तिच्या खोक्यात माझी जनावरं:
भांडी पुसायच्या फडक्यावरचा ससा, निम्मा धुऊन गेलेला
(म्हणजे यंदाही कासवच जिंकणार);
उशीच्या अभ्र्यावर द्राक्षांचा घड,
खाली उड्या मारून मारून विरलेला कोल्हा;
किटलीच्या टोपड्यावर कावळा,
त्याच्या घड्यात कुणीतरी खड्यांऐवजी
शिंपल्याची बटणं शिवलीत, सात.
मी मोजून घेतली. भाव करताना मी लाजत नाही.

अडतीस तुकडे झाले.
मुलगा म्हणतो, आई, म्युझियम काढणार आहेस का?
नाही रे. तात्पर्य पुसलं गेलेलेच तेवढे घेते.
शाळेत गोष्ट संपली की बाई फळ्यावर लिहायच्या 'तात्पर्य',
खाली दोन रेघा ओढायच्या,
आणि आतापर्यंत पळणारं जनावर
तिथेच पेंढा भरून उभं राहायचं.
कापडावर तात्पर्यच आधी विरतं.
काठाशी असतं ना ते.
सगळे हात तिथेच पुसतात.

मार्चमध्ये बेरिलनं ट्रेवर घालायचं एक कापड काढलं.
"अर्धवट आहे. दोन पौंड कमी दे."
कोल्हा पुरता भरलेला, विटकरी दोऱ्यात,
शेपटीला लांब-आखूड टाका, डोळ्याला गाठीचा.
समोर पसरट थाळी.
पलीकडे करकोचा, नुसत्या निळ्या रेघांचा,
अजून जेवायला न पोचलेला.
मी उलटून पाहिलं.
एकतीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात काढली,
खरं काय ते मागच्या पडद्यावर कळतं.
मानेच्या रेघेत सुई तशीच खोचलेली, गंजलेली,
नेढ्यात वीतभर पांढरा दोरा.

कोण उठलं असेल असं मध्येच?
दूध उतू गेलं, दार वाजलं,
की नुसता कंटाळा?

एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात
शेजारच्या डॅफ्नी वॉर्डलनं आम्हाला जेवायला बोलावलं.
बटाट्यांवरसुद्धा मांसाचा रस ओतलेला.
आम्ही दोघं वाटाणे खात बसलो,
एकेक, काट्यानं, चाळीस मिनिटं.
"किती कमी जेवता तुम्ही!" म्हणाली, मनापासून काळजीनं.
मग संक्रांतीला आम्ही बोलावलं.
यांनी हौसेनं मटकीची उसळ केली, तिखटाला हात सैल सोडून.
डॅफ्नी तीन ग्लास पाणी प्यायली, चौथा दुधाचा,
डोळे पुसत म्हणाली, "लव्हली."
तिळाच्या वडीनं तिची दाढ हलली, तीही तिनं हसून सांभाळली.
सूड कुणाचाच नव्हता.
दोघींनीही त्या दिवशी
घरातलं सगळ्यात चांगलं भांडं काढलं होतं.
हे तात्पर्य नाही हं.
नुसतं आठवलं.

पांढरा दोरा आहे माझ्याकडे.
मोतीबिंदू काढल्यापासून नजरही तीच.
करकोचा म्हणजे दोन संध्याकाळींचं काम.
पण सुई उपसली तर गंजाचा डाग उरणार,
तोही नेमका घशाशी.
राहू दिली.

काल बेरिल पहिल्यांदाच घरी आली.
मी विचारलं, "तिखट?"
तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं: एवढंस्सं.
वरणभात वाढला, खोलगट बशीत,
काटा ठेवला, चमचाही ठेवला,
आणि मीठदाणी सरकवली कोल्ह्याच्या थाळीवर.

टेबलावरचं कापड तिनं ओळखलं.
"अजून सुई आहे त्यात? टोचेल कुणाला तरी."

म्हटलं, तू इकडे ये.
त्या बाजूला मी बसते.