कारणाचा रकाना

व्हिल्न्यूसहून आलेल्या मुलीचं नाव रुगिले.
तिच्या मांडीवर छापील फॉर्मांचा गठ्ठा.
म्हणाली, तुम्ही बावीस वर्षं या भागात टपाल वाटता,
तुम्हाला घरं ठाऊक असतील.
मी म्हटलं, दारं ठाऊक आहेत.

नाव, वय, शिक्षण, मद्यपान : हो / नाही,
आणि सगळ्यात शेवटी : कारण.
रकाना बोटाच्या पेराएवढा.

पहिला फॉर्म सेवेरिनासचा.
सामुदायिक शेतीचे अकरा ट्रॅक्टर त्याच्या हाताखाली होते,
आवाजावरून ओळखायचा कोणाच्या पोटात काय दुखतंय.
शेती मोडली, ट्रॅक्टर भंगारात गेले.
वाटणीत त्याला एक गाय मिळाली
आणि शिक्क्याचा एक कागद,
ज्याची किंमत तो मला विचारायचा दर पेन्शनच्या दिवशी.
मी टपालवाली. मी काय सांगणार?
मग दूधकेंद्र बंद झालं, गाय गेली.
मग बस, आठवड्यातून दोनदाच.
मग शाळा.
मग मुलगा, आयर्लंडला, मशरूम खुडायला,
पहिल्या वर्षी पत्रं, नंतर पैसे, नंतर नुसते पैसे.

मद्यपान? हो.
पण बाटली त्याच्या घरी सगळ्यात शेवटी आली, बाई.
बाकीचे उठून गेल्यावर.

यातलं मुख्य काय ते लिहा, रुगिले म्हणाली.

मुख्य.
पोतं उसवलं की बटाटे आधी गोळा करायचे असतात,
पहिला टाका कुठला तुटला हे कोण शोधत बसतं?
तूच शोधते आहेस, खरं म्हणजे. शोध.
कोणीतरी शोधायलाच हवा.

टीव्हीवर दरवर्षी देशाचा आकडा सांगतात,
लाखामागे इतके.
आमच्या गावात लाख माणसं कधीच नव्हती,
आत्ता एकशे बारा आहेत, त्यात मी धरून.
लाख व्हायला अशी किती गावं जोडावी लागतील
याचा हिशेब मी एकदा सायकलवर करत होते,
जंगल संपलं तरी हिशेब संपला नाही.

आमच्याकडे पुरुषाला विचारलं, कसा आहेस,
तर तो हवामान सांगतो.
पूर्वी अशांना कुंपणाबाहेर पुरायचे,
हल्ली पाद्री आत घेतो, भला माणूस आहे.
कुंपण तेवढं आमच्या जिभेवर राहिलं.
आम्ही म्हणतो, हृदय बंद पडलं.
तेही खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी खात्याने मला गाडी दिली.
गाडीत एक यंत्र आहे,
ते मोजतं मी कुठल्या दारात किती थांबले.
एका दाराला चार मिनिटं.
चार मिनिटांत सही होते, नोटा मोजून होतात,
पावती फाडून होते.
पाचव्या मिनिटाला माणूस
टेबलावरचे तुकडे हाताने गोळा करत
बोलायला लागतो.

मार्चमधल्या त्या मंगळवारी
सेवेरिनासने दुसरी खुर्ची ओढली होती.
मी उभ्यानेच पावती फाडली.
यंत्राच्या नोंदीत ती फेरी अगदी चोख आहे,
हवं तर मागून घे.

रुगिलेने लिहिलं नाही काही.
खांबावर करकोचा चोच वाजवत होता,
अंगणात गाडीतलं यंत्र ओरडत होतं केव्हाचं.
आम्ही दोघी बसून पाऊण तास झाला होता.

मग तिने विचारलं, फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहू का?
लिही, म्हटलं, तिथे जागा आहे.

मला आता बोनिफात्सासकडे जायचंय.
वय ब्याऐंशी, पेन्शन आणि विजेचं बिल,
बायको जाऊन सात महिने.
आज त्याच्याकडे चहा घेणार आहे,
तो फार वाईट करतो, साखर मोजत नाही.
खात्याची नोटीस आलीच
तर ती मला पोचवायला
मलाच यावं लागेल.