प्रशिक्षण, पन्नास शब्दांत

फॉर्मात एक रकाना आहे :
‘कलावंताचे प्रशिक्षण (पन्नास शब्दांत)’.
चौकट आगपेटीएवढी.
बंद पडलेल्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसून
मी ती भरतोय. पहाटेचे साडेपाच.
जळगावचा मे; सातला पत्रे कडकडायला लागतात,
नऊनंतर फरशीवर पाय टेकवत नाही.

हर्षाली फिरकेचं सोपं.
फैजपूर, भरतनाट्यम, सात परीक्षा,
सातही प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली.
पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, नुसती चालून दाखव,
तर ती तीनदा नाचतच आली, हे मी लिहीत नाही.
चौथ्यांदा अर्ध्यात बसली, रडली.
साधं चालायला मला कुणी शिकवलंच नाही, म्हणाली.

दिगू सोनवणे, पारोळ्याकडचा.
‘गुरूचे नाव’ विचारलं तर सांगतो, डीजे.
बारा वर्षांचा असल्यापासून वरातीपुढे,
दोन माणसांएवढ्या स्पीकरला तोंड करून.
डावा कान त्यातच गेला.
आता ठेका तो बरगडीनं ऐकतो
आणि आमच्यात ठेका न चुकणारा तो एकटाच.
‘माले कोनी शिकाडं नही, भाऊ,
लिखी टाक काही बी.’

काही बी कसं लिहू?
माझं स्वतःचं नाव पत्रकाच्या तळाशी येतं,
प्रकाशयोजना म्हणून. तिथं कुणी प्रशिक्षण विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं :
रात्री दोनला लाइट यायची,
मी शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचो
बॅटरी दातांत धरून.

मुबारक तडवी, यावल.
मळ्यापासून ट्रकपर्यंत केळीचे घड वाहायचा.
उचलणं कुणालाही येतं, तो म्हणतो,
ठेवता आलं पाहिजे.
पाल्यावर, गुडघ्यातून, श्वास सोडत,
फण्याला फणी घासू न देता.
डाग पडला की व्यापारी भाव पाडतो
आणि मुकादम रोजातून कापतो.
मागच्या आठवड्यात हर्षाली उंचावरून
पाठमोरी सुटली त्याच्यावर.
त्यानं झेललं नाही.
ठेवलं.
तालीम थांबली.
पडायचं कसं हेच सहा वर्षं
बंगळूरला शिकून आलेल्या ताई
म्हणाल्या, परत कर. आणि वही काढली.

मी लिहिलं : वजन खाली ठेवण्याचा नऊ वर्षांचा अनुभव.
खोडलं, हमालीचा अर्ज वाटला.
परत तेच लिहिलं.

सायकी पावराचा रकाना अजून कोराच.
धडगावच्या वर, रस्ता संपल्यावर
दीड तास चालून येणारा पाडा. आश्रमशाळा आठवीपर्यंत.
होळीला तुमच्या पथकात नाचायचीस ना, मी विचारतो,
पन्नास शब्दांची सोय बघत.
पथक नसतं, ती म्हणते, गाव असतं.
इथल्या फरशीवर ती दोन महिने अडखळली.
सगळंच सपाट, मग पावलानं धरायचं कशाला?
शेवटी ताईंनी सुतार बोलावून
फळ्यांचा उतार ठोकून घेतला अर्ध्या मंचावर.
तेव्हापासून बाकीचे घसरतात,
मुबारकसुद्धा, आणि ती
ओढणी तोंडावर धरून हसते.

आज पत्रक छापून आलं. दोनशे प्रती.
गठ्ठा सोडला, वास घेतला, उघडलं,
तर सायकीची सायली झालेली.
प्रेसवाल्याला वाटलं, माझ्याच हातून चुकलं असेल.

ताई फोनवर तापल्या. दिगूनं एक सणसणीत शिवी हासडली.
सायकीनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं,
उतारावर जाऊन बसली, टाचा फळीत रोवून,
आणि एकेक प्रत मांडीवर घेत
‘ली’ खोडून वर ‘की’ लिहीत गेली.
चाळीसाव्या प्रतीला पेन संपलं.
नऊ वाजत आले होते.
पत्रा तापला होता.
हर्षाली दुसरं पेन आणायला
कोपऱ्यातल्या पिशवीपर्यंत गेली,
नुसती चालत.