दोन बोटं माया

पंचवीस वर्षं झाली, टेप माझ्या गळ्यात आहे.
अर्ध्या परभणीचे दंड, कंबर, छाती
माझ्या वहीत आहेत, तारखेनिशी.
कोण बाळंतपणानंतर सुटली,
कोण नवरा गेल्यावर वाळली,
मला आकड्यांवरून कळतं. मी बोलत नाही.
त्या वहीत माझं पान तेवढं नाही.

माझं सोपं होतं.
शिवतानाच आत दोन बोटं माया ठेवायची,
दिवाळी आली की एक टीप उसवायची.
यंदा उसवायला बसले तर
आत काठच लागला हाताला.
माया संपली होती.
त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले,
साखर उंबऱ्यावर येऊन उभी आहे, मंदाताई.

पोराचे जुने बूट घातले,
पुढं कटपीसच्या चिंध्या कोंबल्या
आणि अंधारातच विद्यापीठाच्या रस्त्याला लागले,
कुणी बघू नये म्हणून.
दूधवाल्यानं बघितलंच.
"काकू, एवढ्या घाईत? कुणी गेलं का?"

तिथं प्रयोगाची ज्वारी असते, घोट्याएवढी होती तेव्हा,
प्रत्येक तुकड्याला नंबरची पाटी.
पाच पाट्या चालले, पाचवीजवळ बसले.
दुसऱ्या दिवशी सहा.
तिसऱ्या दिवशीही सहाच.
चौथ्या दिवशी पोटऱ्या म्हणाल्या,
लग्नसराई तोंडावर आली, अकरा ब्लाऊज पडलेत.
पोटऱ्यांना माझ्या गिऱ्हाइकांची केवढी काळजी!
पाचवा दिवसही असाच गेला.

सहाव्या दिवशी तस्लीमनं दारावर लाथ घातली.
शेजारच्या गाळ्यात फॉल-पिको करते, काडीसारखी आहे,
तिला काय कमी करायचं होतं कोण जाणे.
"चल ना, एकटीवर कुत्रे भुंकायलेत."
स्वतःसाठी उठवत नव्हतं मला.
तिला कुत्रं चावू नये म्हणून उठले.

दिगंबरच्या गिरणीत दळणाचा काटा आहे.
रोज येताना चढायचे.
एक्याऐंशी.
एक्याऐंशी.
एक्याऐंशी आणि वर चारशे ग्रॅम.
"दळण धरून का, काकू?" दिगंबर म्हणाला,
आणि त्या रविवारी मी धपाटे केले,
दही घेतलं, पाच खाल्ले.
खोटं कशाला बोलू, सहा.

सोमवारी एक पोरगा ज्वारीला टेप लावत होता.
माझ्यासारखाच, पिवळा, टोकाला पत्रा असलेला.
एकेक ताट हळूच सरळ धरायचा,
बुडापासून शेंड्यापर्यंत,
वहीत आकडा, बाजूला तारीख.
मी थांबलेच. धंद्यातला माणूस दिसल्यावर थांबावं लागतं.
"रोज मोजतोस का रे?"
"नाही मावशी, पंधरा दिवसाला.
रोज मोजलं तर वाढत नाही ती."
मग हसला.
"म्हणजे वाढते, पण दिसत नाही,
अन् मग माणूस आकडे खोटे लिहायलाय."

त्या दिवसापासून गिरणीवरून येत नाही.
मागच्या बोळातून येते, लांब पडतं,
तेवढीच आणखी दोन पाट्यांची भर.
बोळात तस्लीम तिच्या मुलीबद्दल बोलते,
रस्त्यावर कधीच बोलत नाही.

आता थंडी पडली आहे.
ज्वारी पोटऱ्यात आली,
माझ्या पोटऱ्या गप्प झाल्या.
सतराव्या पाटीपर्यंत जातो आम्ही.
मधे तीन दिवस बुडाले,
एक लग्न, एक ताप,
एक असाच, कारण नसताना.

काल रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
मीच माझ्या कंबरेला टेप लावला.
बोटं थरथरली, गिऱ्हाईक नवं असल्यासारखी.
वहीत कोरं पान काढलं, नाव घातलं, तारीख घातली.
आकडा सांगणार नाही.
कुणाचाच सांगत नाही मी.

मग निळा खण काढला, स्वतःसाठी कापला,
आत दोन बोटं माया सोडली.
उसवायची वेळ येते की आणखी आत टीप घालायची,
आत्ताच काय सांगावं.
सव्वापाचला दारावर लाथ बसेल.
बुटातल्या चिंध्या बदलून ठेवल्यात.