नाव न लागलेला

सुगंधा महिन्याच्या व्हिसावर आली
आणि पहिल्याच गुरुवारी रात्री विचारलं,
उद्या ओहोटी किती वाजता?
तक्ता माझ्या खिशातच. ड्रेजरवरच्या माणसाकडे असतोच.

अमावास्या नुकती झालेली. गलालीचं पाणी इतकं मागे हटलं होतं
की होड्या कुशीवर पडल्या होत्या.
ती साडी खोचून, माझ्या रबरी चपला घालून पुढे,
मी पिशवी धरून मागे.

तिला पुस्तक लागत नाही.
शिंपला उचलते, बिजागरीत नख घालते,
पाठीवरून बोट फिरवते, कधी हुंगते,
आणि सांगते,
बाजारात कुणाचं पोर कुणाचं ते सांगावं तसं.
तिसरी. रेघा आपल्याकडच्यापेक्षा फिक्या, पण तिसरीच.
खुबा. पाठीवरच्या पन्हाळी बघा.
कालवाची कवच, जपून, बोट कापेल.
हा मुळा नव्हे. मुळ्याचं सोंग आहे.

ह्याला आयतं भोक आहे, मी म्हणालो, माळ होईल.
माळेसाठी नाही ते. ह्याला कुणीतरी खाल्लंय.
एवढं गोल भोक गोगलगाईलाच जमतं.
वर बसते आणि पोखरते, घाई न करता.

घरी वर्तमानपत्रावर पसारा.
शेजारची उम्म जासिम खजूर द्यायला आली
ती गुडघे धरत खालीच बसली.
एकीची भाषा दुसरीला येत नाही.
चपटा, आतून लख्ख असा एक शिंपला हातात घेऊन
म्हातारीनं नाक दाबलं, गाल फुगवले,
मान खाली घालून बुडी मारली चटईवर
आणि वर येऊन म्हणाली, दाना.

दाणा? सुगंधा म्हणाली. कसला, तांदळाचा?

सगळ्यात मोठ्या मोत्याला इथं दाना म्हणतात, मी सांगितलं.
हिचा सासरा बुड्या मारायचा.
मिळाला का त्याला, विचारा.
विचारलं. उम्म जासिमनं दोन्ही तळवे उताणे केले.
सुगंधानंही केले.
पुढचं भाषांतर माझ्याकडे आलं नाही.

राहिला एक.
परतताना, वरच्या कोरड्या वाळूत सापडलेला.
राखाडी, पेराएवढा, पण हाताला दगडासारखा जड,
मळसूत्री, तोंड चुन्यानं बुजलेलं.
तिनं तो तीनदा उचलला, तीनदा ठेवला,
दातावर वाजवून पाहिला.
हा इथला नाही, म्हणाली.
लाटेनं आणलेल्याची कड अशी नसते.

मी बशी विसळत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी, रात्रपाळीला,
अकरा मीटर खालचा तळ आमचा पाइप ओढत होता
आणि इथं ओकत होता.
सकाळी ती ज्या वाळूतून परतली, ती मी ओतलेली.
त्याआधी तिथं पाणी होतं,
उम्म जासिमला ते गच्चीवरून दिसायचं.
थर जुना आहे, आमचा डान्टे म्हणाला होता, फार जुना.
मी नोंदवहीत घनमीटर लिहिले.
शंखांना रकाना नव्हता.

दिवा मालवल्यावर सांगितलं तिला.
बराच वेळ काही नाही. मग अंधारातून,
म्हणजे हा आलेला नाही. आणलेला.
हो, म्हटलं.
तुमच्यासारखा, असं ती म्हणाली नाही.
कूस बदलली फक्त.

जाताना तिनं नावं लागलेले सगळे नेले,
प्रत्येक कागदात गुंडाळून, वर बॉलपेननं नाव.
वजनकाट्यावर दोन किलो जास्त भरले,
तर चिवड्याचा रिकामा डबा काढून मला दिला, शिंपले नाही.
तो एक खिडकीत आहे, कोऱ्या चिठ्ठीवर.

फोनवर विचारते, लागलं का नाव?
बघतोय, म्हणतो.

काल नव्या हद्दीत काम सुरू झालं.
पाइपाच्या तोंडाशी, गाळाच्या धबधब्याखाली
मी तिची पिठाची चाळणी धरून उभा राहिलो.
मुकादम वरून ओरडला, काय हरवलं रे?
आवाजात ऐकू आलं नाही, असं दाखवलं.